नारळीकर सरांच्या जयंतीला वाचनालयात काय करावं?

ग्रंथसेवक:
सातारा जिल्ह्यातलं तालुक्याच्या गावचं वाचनालय आहे. १९ जुलैला खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांच्या जयंतीनिमित्त दोन तासांचा कार्यक्रम ठरतोय. समितीचा बेत ठरलेला आहे: प्रतिमापूजन, चार भाषणं, आभार. २० मे २०२५ ला सर गेले, त्यानंतरच्या श्रद्धांजली सभेत हेच झालं होतं. या वेळी आठवी ते दहावीची शंभरेक मुलं येणार आहेत. त्यांच्या हातून काहीतरी व्हावं असं फार वाटतं. दुर्बीण आणून रात्री आकाशदर्शन ठेवावं का?

खगोलशिक्षक:
आकाशदर्शन नको. जुलैत आपल्याकडे ढग हटत नाहीत, मुलं दोन तास गच्चीवर ताटकळून घरी जातील. ते २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला ठेवा.

जुलैत फुकोचा लंबक करा, म्हणजे पृथ्वी फिरते हे दाखवणारा लांब तारेचा लंबक. पुण्यात सरांनी उभ्या केलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतही तो आहे. उंच जिना किंवा पाच मीटर उंचीचं छत हवं. वजन पाच किलोचं, गोल आणि भरीव, तार पोलादी आणि बारीक. पाच मीटर तारेला जाऊन-येऊन एक झोका साधारण साडेचार सेकंदांचा पडतो.

सगळा खेळ वरच्या टोकाचा आणि सोडण्याचा. तार हुकला नुसती गुंडाळली तर लंबक एका दिशेला जास्त ओढ घेतो आणि झोक्याची लंबवर्तुळं होतात. तार दोन लोखंडी पट्ट्यांत घट्ट आवळा, खाली ती एकाच बिंदूतून सुटली पाहिजे. वजन हाताने सोडू नका, बोटाचा धक्का लागतोच. सुती दोऱ्याने बाजूला बांधून ठेवा, पूर्ण स्थिर झालं की दोरा काडीने जाळा. मुलांना झोक्याच्या रेषेत उभं करू नका.

साताऱ्याच्या अक्षांशावर झोक्याची दिशा तासाला सुमारे साडेचार अंश वळते, वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. झोका मध्यापासून ६० सेंमी जात असेल तर अर्ध्या तासात टोक जेमतेम अडीच सेंमी सरकेल. म्हणून जमिनीवर कागद चिकटवून सुरुवातीची रेघ पेन्सिलीने नीट काढा आणि लंबक कार्यक्रमाच्या आरंभीच सोडा. पंखे बंद. पृथ्वी फिरते हे त्या अडीच सेंमीत मुलांना डोळ्यांनी दिसतं.

पोस्टकार्डवाली:
मुलं स्वाक्षरी मागायला आली की सर सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आणि ती उत्तरं खरोखर जायची. तेच करा.

प्रत्येक मुलाला दोन कार्डं द्या. एकावर एकच प्रश्न, दुसऱ्यावर स्वतःचा पत्ता पिनकोडसकट. दोन्हींवर एकच क्रमांक टाका आणि वहीत नोंद करा. उत्तरं देणारे आधी ठरवा: भौतिकशास्त्राचे दोन, जीवशास्त्राचा एक, गणिताचा एक शिक्षक. एकाकडे पंचवीसपेक्षा जास्त कार्डं नकोत, नाहीतर पहिल्या दहांना मोठी उत्तरं मिळतात आणि बाकीची राहून जातात. शेवटची तारीख १५ ऑगस्ट. ज्याचं उत्तर येत नाही त्याला 'अजून शोधतो आहे' असं कार्ड तरी गेलंच पाहिजे. कार्डांचा गठ्ठा बांधून कपाटात गेला तर मुलं पुढच्या वर्षी विचारणार नाहीत.

संख्याप्रेमी:
ज्योतिषाची चाचणी विसरू नका. २००८ मध्ये सरांनी आणि सहकाऱ्यांनी २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या, काही हुशार मुलांच्या, काही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका देऊन ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवूनही ५० टक्के येतात.

वर्गात पत्रिका नकोत, नाणं पुरे. ४० वेळा उडवून छापा-काटा लिहा, पाकीट बंद करा. मुलांनी ४० अंदाज लिहायचे, मग पाकीट उघडायचं. बहुतेकांचे १७ ते २३ बरोबर येतील. शंभरांत एखाद्याचे २८ येऊ शकतात, आणि धडा तिथेच आहे. त्याला लगेच नवं पाकीट द्या, म्हणजे ते नुसतं नशीब होतं का ते कळेल. मुलांना लांब बसवा, शेजाऱ्याचं बघून लिहिलं की आकडे एकसारखे येतात.

आणि फ्लेक्स छापण्याआधी मजकूर कुणाला तरी तपासायला द्या. सरांच्या नावावर महास्फोट सिद्धांत, म्हणजे विश्व एका महास्फोटातून सुरू झालं हे मत, टाकलेला पाहिला की वाईट वाटतं. त्यांनी आयुष्यभर त्याला पर्याय मांडला, १९६४ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला. आयुकाची स्थापना १९८८ ची, पद्मविभूषण २००४ चं.

ग्रंथसेवक:
लंबक आणि कार्डं नक्की. जिना साडेचार मीटर आहे, चालेल ना? आणि सरांच्या विज्ञानकथेचं वाचन करून यूट्यूबवर टाकलं तर?

खगोलशिक्षक:
चालेल. वळण्याचा वेग तारेच्या लांबीवर अवलंबून नाही. झोका मात्र मध्यापासून ५० सेंमीच ठेवा, रुंद झोक्यात लंबवर्तुळ लवकर होतं.

वाचनवेडा:
सभागृहात कथेचा वाजवी उतारा वाचायला कायद्याने हरकत नाही. पूर्ण कथा ध्वनिमुद्रित करून टाकायची तर हक्कधारकांची लेखी परवानगी हवी. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे २०८५ अखेरपर्यंत. आधी प्रकाशकाला पत्र टाका, जुलैत घाई करून मिळत नाही.

वाचनाला पानिपतावरची कथा घ्या. विश्वासराव त्या लढाईत वाचले असते तर, हा प्रश्न साताऱ्याच्या मुलांना लगेच कळेल. इंग्रजीतून ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातही होती. दोन वाचक, बारा मिनिटं, एकाच माइकवर. त्याहून लांबवलं तर मागच्या रांगा सुटतात.