भांडवल पर्याप्ततेची अट असताना लीव्हरेजची वेगळी मर्यादा कशासाठी?

प्रश्न

बँकेने जोखीमभारित मालमत्तेच्या (प्रत्येक कर्ज वा रोखा त्याच्या जोखमीनुसार ठरलेल्या टक्क्याने, म्हणजे ‘भाराने’, मोजून येणाऱ्या बेरजेच्या) किमान ८ टक्के भांडवल बाजूला ठेवावे, ही अट बँकांसाठीच्या १९८८ च्या आंतरराष्ट्रीय बासेल करारापासून चालत आली आहे. जोखमीच्या कर्जाला जास्त भांडवल आणि सुरक्षित रोख्यांना कमी, ही रीत मला रास्त वाटते. मग २०१० मध्ये त्याच कराराच्या तिसऱ्या आवृत्तीने, बासेल ३ ने, जोखमीकडे पाहतच नाही अशी ३ टक्क्यांची लीव्हरेज मर्यादा (एकूण मालमत्तेच्या किमान ३ टक्के भांडवल) आणखी का घातली?

उत्तर १

आधी एक दुरुस्ती. भांडवल ‘बाजूला ठेवले’ जात नाही. ते ताळेबंदात दायित्वांच्या बाजूला दिसते आणि भागधारकांचा तो पैसा कर्जांत व रोख्यांतच गुंतलेला असतो. बाजूला ठेवायचा तो रोख राखीव निधी, आणि त्याची अट निराळी. (बातम्यांतही हा घोळ नेहमीचाच.)

आता १९८८ चे भार घेऊन एक ताळेबंद मांडू. एकूण मालमत्ता १,०००: शून्य भाराचे सरकारी रोखे ६००, ५० टक्के भाराची गृहकर्जे ३००, पूर्ण भाराची उद्योगकर्जे १००. जोखीमभारित बेरीज फक्त २५० होते आणि तिचे ८ टक्के म्हणजे २०. कागदोपत्री बँक नियमात बसते, पण व्याजदर वाढून रोख्यांचे भाव ३ टक्क्यांनी घसरले आणि ते विकावे लागले, तर २० च्या भांडवलातले १८ गेले. लीव्हरेजच्या मर्यादेत या बँकेला किमान ३० भांडवल लागले असते, तेही सर्व टियर १ प्रतीचे (मुख्यतः भागभांडवल आणि राखून ठेवलेला नफा).

उत्तर २

भार चुकतात, हेच खरे कारण. युरोपीय नियमांत ग्रीसच्या सरकारी रोख्यांचा भार शून्य धरला जात असे. २०१२ मध्ये ग्रीसच्या कर्जाच्या पुनर्रचनेत खासगी धारकांनी त्यांच्या दर्शनी मूल्यापैकी निम्म्याहून अधिक रक्कम गमावली. शिवाय बासेल २ ने मोठ्या बँकांना स्वतःच्या प्रारूपांवरून जोखीम मोजण्याची मुभा दिली. विद्यार्थ्यानेच स्वतःचा पेपर तपासावा, तसला हा प्रकार.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरे पटतात, तरी एकट्या लीव्हरेज मर्यादेवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. तिच्या हिशेबात १०० चा सरकारी रोखा आणि १०० चे डळमळीत कर्ज या दोहोंना ३ च भांडवल लागते. त्यामुळे ही मर्यादा जिला आधी जाचते, ती बँक कमी परताव्याचे सुरक्षित रोखे काढून टाकून जास्त व्याजाच्या कर्जाकडे वळते. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, सरकारी रोखे आणि मध्यवर्ती बँकेतील शिल्लक या हिशेबातून तात्पुरती वगळली, ती याच अडचणीमुळे; ही सवलत ३१ मार्च २०२१ ला संपली.

प्रश्नकर्ता

‘बाजूला ठेवणे’ मागे घेतो. मग उत्तर १ मधल्या बँकेने भांडवल न वाढवता ताळेबंदच आकसला तर?

उत्तर १

तीही पळवाट नव्हे, नियमाला मान्य असलेला मार्ग आहे. २० भांडवलावर तिला एकूण ६६६ पर्यंतच थांबावे लागेल, आणि त्यात ताळेबंदाबाहेरच्या हमी व न उचललेली कर्जमंजुरीही ठरलेल्या प्रमाणात धरावी लागेल.