सल्ला हवा: एअरगनच्या नळीच्या तोंडाशी गंजाचा खड्डा, १ सेंमी कापून नवं क्राउन (तोंडाची गुळगुळीत कड) करू का? (बजेट ८०० रुपये)

बार्देशकर:
म्हापशात असतो. स्प्रिंगवाली ब्रेक बॅरल (नळी खाली वाकवून स्प्रिंग ताणायची), ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमी, नळी ४५ सेंमी. १० मीटरवर ५ छर्रे पूर्वी २ सेंमीत बसायचे, आता ५ सेंमीत पसरतात. तोंडाशी खड्डा भिंगातून स्पष्ट दिसतो. पुढची साइट काढलेली, स्कोप आहे. लेथवर टोक कापून घेऊ का?

फोंडा१७७:
कापू नका. आधी बंद नळीचं टोक धरून डावीउजवीकडे हलवा. खटखट लागली तर पिव्हट बोल्ट (नळी ज्यावर वाकते तो) सैल आहे, पाव फेराच आवळा. जास्त आवळला तर नळी नीट लॉक होत नाही आणि छर्रे खालीवर जातात. स्टॉकचे (दस्त्याचे) पुढचे दोन स्क्रूही बघा. खर्च शून्य.

डिचोली_लेथ:
ब्रीच सील (नळीच्या मागच्या जोडातली रबरी ओ-रिंग) बघा. जोडावर टिश्यूची पट्टी ठेवून एक छर्रा मारा, पट्टी उडाली तर हवा गळतेय. जुनी ओ-रिंग व्हर्नियरने मोजून ऑइल सीलच्या दुकानात न्या, नायट्राइलची मागा, ४०-५० रुपयांत होतं.

मडगाव_पीसीपी:
स्प्रिंगच्या मागे कशाला लागता? सरळ पीसीपी (आधीच दाबाने हवा भरलेली टाकीवाली) घ्या. माझी १० मीटरवर एकाच भोकात मारते.

बार्देशकर:
बजेट ८०० आहे.

पेडणे_ऑफहँड:
नळी कापली की वेग पडतो. शिवाय कॉक करायला (स्प्रिंग ताणायला) जड जाते, नळी हाच तर दांडा.

डिचोली_लेथ:
वेग पडत नाही. स्प्रिंगगनमध्ये हवेचा जोर पहिल्या २०-२५ सेंमीतच संपतो. दांड्याचं बरोबर आहे, पण ४५ मधून १ सेंमी गेला तर हाताला कळणारही नाही. खरी भीती चोकची. काही नळ्या शेवटचे २-३ सेंमी किंचित आवळत्या असतात. कापलं की तो भाग गेला, परत येत नाही. मागून छर्रा दांडीने ढकलून बघा, तोंडाशी जड लागतो का.

साखळी_ओ_रिंग:
ब्रीच सील बदला, बहुतेक तेच असेल. आणि कॉम्प्रेशन चेंबरमध्ये (स्प्रिंग जिथे हवा दाबते तिथे) साधं तेल घालू नका, पेट घेऊन धूर निघतो, सील जळतं.

फोंडा१७७:
क्राउनच करायचं तर न कापता करा. कापसाची काडी तोंडाच्या कडेवरून फिरवा, तंतू अडकले तिथे बर (धातूचा खरखरीत कंगोरा) आहे. ८ मिमी गोल डोक्याचा पितळी स्क्रू हँड ड्रिलला लावा, गॅरेजमधली बारीक व्हॉल्व्ह पेस्ट डोक्याला. नळीत २ सेंमी आत तेलाचा कापूस कोंबा, नाहीतर पेस्ट रायफलिंगमध्ये (नळीतल्या पिळदार खाचांत) उतरते. ड्रिल हळू चालवत मागची बाजू गोल फिरवत राहा, नाहीतर कड एकाच बाजूला खाते. २० सेकंदांनी पुसून बघा. कडेला चहूबाजूंनी सारख्या रुंदीची चकचकीत रेघ आली की थांबा.

पेडणे_ऑफहँड:
लायसन्सचं काय? नळी बदलली तर नवं लागेल ना?

साखळी_ओ_रिंग:
नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत ४.५ मिमी आणि २० जूलपर्यंतच्या एअरगनला लायसन्स नाही. तोंड साफ केल्याने दोन्ही बदलत नाहीत.

बार्देशकर:
सगळं करून बघितलं. पिव्हट घट्ट आहे, टिश्यू जराशी हलते. छर्रा तोंडापर्यंत सारखाच जातो, चोक नाही. खड्डा मात्र ४ मिमी आत आहे, तिथवर स्क्रू पोचत नाही. ६ मिमी कापतोय.

डिचोली_लेथ:
बाब, तरी कापू नका असंच मी म्हणेन. ऐकणारच नसाल तर स्प्रिंग ताणलेली नसताना पिव्हट काढून फक्त नळी द्या. लेथच्या चारजबडी चकमध्ये तांब्याची पट्टी घालायला सांगा, आणि डायल (मध्य मोजायचं घड्याळ) भोकाला लावायला, बाहेरच्या अंगाला नाही. भोक बरेचदा मध्यावर नसतं, मग तोंड तिरकं कापलं जातं. हॅकसॉ तर लावूच नका. शेवटी तोच पितळी स्क्रू आणि पेस्ट. उघड्या लोखंडाला लगेच कोल्ड ब्लू (गंज रोखायचं काळं करणारं रसायन) आणि तेल, आपल्या खाऱ्या हवेत दोन दिवसांत गंज धरतो.

बार्देशकर:
शुक्रवारी बाजाराची गर्दी, शनिवारी नेतो. लेथवाला ६०० म्हणाला, उरलेल्यात ओ-रिंग.