'खाजण' म्हणा, पडीक नको

भांडुपकर: मुंबईत चार झाडं दिसली की जंगल आणि नुसता चिखल दिसला की पडीक, म्हणजे टाका डेब्रिज. आपल्याकडं चांगला 'खाजण' शब्द आहे, भरतीला बुडणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी जमीन, तिवरं, म्हणजे खाऱ्या चिखलातली झाडं, असोत नसोत. तो वापरा ना. 'पाणथळ' म्हटलं की त्यात तलावही आला आणि डबकंही.

मडगावचा: थांबा हो. आमच्याकडं खाजण म्हणजे रान नव्हेच, शेती! बांध घालून खारं पाणी अडवायचं, मानशीच्या दारातनं हवं तेवढं आत घ्यायचं, आत कोरगुट भात, पाण्यात मासळी. दोन वर्षं बांधाकडं बघितलं नाही तर संपलं. रानाला कोण राखण ठेवतं?

चिंबोरीवाली: आमच्यात उलटं. बांध घालून उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, बसवली की ती खार, बाहेर राहिलं ते खाजण. आई खाजणात निवट्या, चिखलातली मासळी, पकडायला जायची, गुडघाभर चिखल, पाय कुठं टाकायचा ते तिलाच ठाऊक. पडीक म्हणणाऱ्यांनी एकदा उतरून बघावं.

वकीलसाहेब: शब्द गोड आहे, कामाचा नाही. 2005 ला हायकोर्टानं तोड थांबवली, 50 मीटरच्या आत बांधकाम नको म्हणालं, ते कांदळवनासाठी, म्हणजे तिवरांच्या जंगलासाठी. खाजण म्हणून कोण ऐकणार?

भांडुपकर: तेच तर दुखणं आहे!! कांदळवन म्हटलं की सगळे झाडं मोजतात, मग उघड्या चिखलात रोपं लावून फोटो काढतात. फ्लेमिंगो काय झाडावर चरतो? तो चोच उलटी करून चिखलपाण्यातलं शेवाळ गाळून खातो. ठाणे खाडीत गाळ साचतोय, तिवरं पुढं सरकतायत, पक्ष्यांची चरायची जागा तेवढी कमी. 2022 ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, खाडीचं नाव आलं म्हणून टाळ्या वाजवल्या, पण उघडा चिखल राखायचा असतो हे कुणाच्या डोक्यातच नाही.

वकीलसाहेब: अर्धी माहिती नको. चिखलपट्टे, खारपट्टे सीआरझेड 1 मध्ये, म्हणजे किनारा नियमांतल्या सगळ्यात जपायच्या गटात, आहेतच. अडचण शब्दाची नाही, रात्री येणाऱ्या डंपरची आहे.

चिंबोरीवाली: डंपरचं खरंय. पण नव्या टॉवरवाल्यांना खाजण म्हटलं तर कळत नाही, मॅन्ग्रोव्हज म्हटलं की कळतं, आणि जिथं झाडच नाही तिथं काय म्हणून तक्रार करणार ते?