थकबाकीची यादी (सोसायटी ऑफिशियल ग्रुप)

कुलकर्णी बी-४०३: सेक्रेटरी साहेब, काल रात्री ११ वाजता यादी टाकलीत. नाव, फ्लॅट, मोबाइल, रक्कम, सगळं. माझ्यापुढे १८,४००! चेक ४ तारखेला तुमच्याच हातात दिलाय. सकाळी मुलाच्या होणाऱ्या सासऱ्यांचा फोन, "काही अडचण आहे का?" त्यांच्यापर्यंत यादी पोचवली कोणी?

सेक्रेटरी: काका, चेक पास झालाय, एन्ट्री राहिली. दिलगीर आहे. खजिनदार गावी गेलेत.

पाटणकर ए-१०२: मेंटेनन्स वेळेवर भरला तर यादीत नाव येतच नाही.

कुलकर्णी बी-४०३: भरलाय हो. वर वाचा.

शिंदे डी-१०१: ए विंगसमोर आडवी पांढरी स्विफ्ट कोणाची??

अनघा बी-३०१: यादीचं सोडा, गेटवरची वही बघा. सुतळीला बांधलेलं पेन आणि उघडं पान. माझ्या मैत्रिणीनं परवा नंबर लिहिला, रात्री तिला अनोळखी माणसाचा "हाय". मावशींच्या आधारच्या झेरॉक्स केबिनमध्ये दगडाखाली पडल्यात. निदान मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

सेक्रेटरी: ताई, सुरक्षेसाठी नोंद ठेवावी लागते.

अनघा बी-३०१: ठेवा की. दगडाखाली कशाला?

पाटणकर ए-१०२: पुन्हा सांगतो, वेळेवर भरा, नाव येणार नाही.

ॲड. देशपांडे सी-५०२: खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलंय. आपल्या १९६० च्या सहकार कायद्यातलं नोंदी बघण्याचं कलम सुद्धा काढून बघा. ताळेबंद, सभासदांची नोंदवही बघता येते, पण व्यवहारांच्या नोंदी म्हणाल तर ज्याच्या त्याच्या.

शिंदे डी-१०१: वकीलसाहेब, स्विफ्टला कुठलं कलम? 😀

जोगळेकर काकू ए-३०४: हक्क बिक्क ठीक. लिफ्टवाल्याला काय द्यायचं? दारावरची नोटीस फाडून टाकणारे आहेत इथे, व्याजालाही भीत नाहीत. यादी पडली आणि दोन तासांत तिघांचे पैसे आले. कडू आहे, पण खरं आहे.

कुलकर्णी बी-४०३: काकू, ज्याने दिलेत त्याची अब्रू कोण परत आणणार? सुधारित यादी टाकली तरी व्याही ती उघडून बघणार आहेत का?

जोगळेकर काकू ए-३०४: ते मात्र चुकलंच, भाऊ.

नीलेश सी-१०३: ग्रुपवर १४२ जण आहेत. फ्लॅट ९६. गेल्या वर्षी सोडून गेलेले भाडेकरू अजून आहेत, २ एजंटही.

सावंत ए-४०१: शुभ सकाळ 🌹

सेक्रेटरी: कृपया ग्रुप फक्त सूचनांसाठी वापरावा.

पाटणकर ए-१०२: ज्याचा व्यवहार चोख, त्याला यादीची भीती कशाला? वेळेवर भरा, विषय संपला.

प्लंबर बबन: नमस्कार. यादी बघितली. पाटणकर साहेबांकडं गिझरचे ६०० राहिलेत दिवाळीपासून, ते पण यात धरायचे का?