फ्लटर 'अर्ध्या तासात' बसवणाऱ्यांनो, लॅपटॉप कुणाचा?

खटपट्या: कालच्या धाग्यात एकाने लिहिलंय, "फ्लटर अर्ध्या तासात बसतं. ज्याला जमत नाही त्याने ॲपच्या फंदात पडू नये." राहवलं नाही. फ्लटर म्हणजे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप्स बनवायचं गूगलचं साधन. त्याची झिप उघडून पाथ द्यायला, म्हणजे ते कुठे ठेवलंय हे संगणकाला सांगायला पाच मिनिटं, मान्य. पुढे? अँड्रॉइड ॲपसाठी लागणारं अँड्रॉइड स्टुडिओ उतरवा. काय बसलं, काय राहिलं ते तपासणारी 'फ्लटर डॉक्टर' ही कमांड चालवा, तर कमांड-लाइन टूल्स नाहीत, लायसन्स स्वीकारलेली नाहीत. तेही उरकलं की पहिल्याच बिल्डला, म्हणजे कोडचं ॲप बनवताना, त्यासाठी लागणारं ग्रेडल डाउनलोड होत बसतं, आणि जावाची आवृत्ती त्याला पटली नाही तर पडदाभर लाल अक्षरं. "हा दोष फ्लटरचा नाही" हे नवख्याला सांगून काय उपयोग?

कोरा_चहा: ते मीच लिहिलं होतं. डॉक्टर काय चुकलं ते सांगतो, बहुतेकदा कमांडही देतो. वाचायचंच नसेल तर इलाज नाही. सुरुवातीच्या रिॲक्ट नेटिव्हवर, फेसबुकच्या अशाच साधनावर, दिवस काढलेत आम्ही, तिथे नाडी बघायलाही कुणी नव्हतं.

खटपट्या: झाली "आमच्या वेळी" सुरू. आमच्या लॅबमधल्या ८ जीबी रॅमच्या मशीनवर इम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा नकली फोन, लावला की माउससुद्धा हलत नाही.

मावळतीची_उन्हं: इम्युलेटर हवाय कशाला? फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारा, यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल जोडा. हॉट रीलोड, म्हणजे कोड बदलला की लगेच ॲपमध्ये दिसणं, फोनवरही होतं. मी दोन ॲप्स अशीच केली.

अर्धा_सफरचंद: अँड्रॉइडवरच भांडताय? "एकच कोड, दोन्हीकडे चालेल" असं क्लायंटला सांगून बसलो. आयफोनच्या बिल्डला ॲपलचं एक्सकोड हे सॉफ्टवेअर लागतं, ते फक्त मॅकवर चालतं. वर डेव्हलपर खात्याचे ॲपलला वर्षाला ९९ डॉलर. क्लायंट म्हणाला, मॅक तुमचा तुम्ही घ्या!

कोरा_चहा: क्लाउडवर मॅक भाड्याने मिळतो.

अर्धा_सफरचंद: आणि माझ्या टेबलावरचा आयफोन त्यात कुठून खुपसू?

मावळतीची_उन्हं: गूगल प्लेच्या खात्याचे २५ डॉलर एकदाच, हे त्यातल्या त्यात बरं.

खटपट्या: बरं कसलं! नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी आता बारा टेस्टर (ॲप वापरून बघणारे) सलग चौदा दिवस दाखवावे लागतात. आत्याला लिंक पाठवली, तिने "छान आहे" म्हणून अंगठा दिला. ॲप टाकलंच नाही.

कोरा_चहा: आत्या हा फ्लटरचा दोष नाही.

खटपट्या: अर्धा तास कुठल्या मशीनवर लागला, ते अजून सांगितलं नाहीत.

कोरा_चहा: ३२ जीबी, ऑफिसचं. घ्या, झालं समाधान? नवख्यांसाठी 'अर्धा दिवस' लिहा, माझी हरकत नाही. पण आधी डॉक्टर वाचा.

मावळतीची_उन्हं: बारा जणांत मला धरा. ॲप कसलं आहे ते तरी सांगा.