गिरणीवाल्याला दहा मिनिटं तरी द्या

"पार्किंग बंद केलं तरी गिऱ्हाईक चालत येतंच, 11 डिसेंबरला पादचारी दिनाला पुण्यात लक्ष्मी रोड गाड्यांना बंद असतो तेव्हा तिथे केवढी गर्दी असते बघा" असं रस्त्यावरचं पार्किंग बंद करा म्हणणारे सांगतात, ते कपड्यांच्या नि सराफांच्या दुकानांपुरतं पटतं. पण सगळी दुकानं तशी नसतात ना. आमची पेठेत पिठाची गिरणी आहे, गिऱ्हाईक स्कूटरवर पायाशी दहा किलोचा डबा ठेवून येतं, त्यात बरेचसे साठीच्या पुढचे, आणि पी-1 पी-2 मुळे (म्हणजे सम-विषम तारखेप्रमाणे रस्त्याच्या एकाच बाजूला पार्किंग) ज्या तारखेला आमच्या बाजूला गाडी लावता येत नाही त्या दिवशी त्यांनी समोर गाडी लावून तो डबा उचलून भर वाहतुकीत रस्ता ओलांडायचा, नाहीतर दारात थांबून टोइंगच्या भीतीने सारखं मागे बघत राहायचं. मिक्सर, शेगडी, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांचंही तेच.

आणि आमच्या बाजूला पार्किंग असतं त्या दिवशी तरी काय, सकाळी ऑफिसवाल्यांच्या, क्लासच्या पोरांच्या आणि खरं सांगायचं तर आजूबाजूच्या दुकानांतल्या कामगारांच्या गाड्या लागतात त्या संध्याकाळीच हलतात, म्हणजे जागा आहे पण गिऱ्हाइकाला नाही. 2018 ला महापालिकेच्या मुख्य सभेने रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे घ्यायचं धोरण मंजूर केलं होतं, खूप विरोध झाला आणि ते रखडलं. मला ते तेव्हाही हवं होतं आणि आजही हवंय, फक्त पहिली दहा-पंधरा मिनिटं फुकट ठेवा आणि माल उतरवायला टेम्पोची एक जागा प्रत्येक गल्लीत आखून द्या.