हवाई दलात सगळेच पायलट नसतात
लढाईत गेलेल्या हवाई दलातल्या एका जवानाचं नाव शोधताना 'हवाई दलात होता म्हणजे पायलटच असणार, मग नाव कुठेच कसं नाही?' असं कुणीतरी विचारलंय. तसं नसतं हो. दलातले बहुतेक जण एअरमन, म्हणजे अधिकारी हुद्द्याखालचे जवान असतात, आणि त्यांचं सुरुवातीचं प्रशिक्षण तर बेळगावजवळच्या आपल्या सांबऱ्यालाच होतं. कारगिलच्या वेळी, २८ मे १९९९ ला तोलोलिंगजवळ पाडलेल्या हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरमध्ये चौघे गेले, त्यातले दोघे सार्जंट, म्हणजे एअरमनच होते.

माझ्या आईचा मावसभाऊही हवाई दलातलाच, १९७१ च्या लढाईत गेला. खानापूर तालुक्यातला, जेमतेम विशीतला. आमच्याकडे घरटी एकजण लष्कराच्या मराठा लाइट इन्फंट्रीत, त्यामुळे स्टुडिओवाल्याने त्याच्या कृष्णधवल फोटोतल्या गणवेशाला बिनधास्त हिरवा रंग दिला! मावशीआजीने तो तसाच भिंतीवर लावला, आणि गाव अजून त्याला 'मराठा रेजिमेंटवाला' म्हणतं. दिल्लीला २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या त्यागचक्रात, म्हणजे तिथल्या गोलाकार भिंतींवर, तिन्ही दलांतल्या शहिदांची नावं हुद्द्यासकट आहेत. तुम्हाला हवं ते नाव तिथे हवाई दल आणि साल धरून शोधा. आडनावाचं स्पेलिंग मात्र दोन-तीन तऱ्हांनी करून बघा, आपल्याकडची आडनावं कागदोपत्री कधीकधी कानडी वळणाने लिहिलेली सापडतात.